पंख्याची वाळू

पितळ साच्यात थांबलंच नाही. वरून ओतलं आणि खालून सुसाट बाहेर आलं, पेटीची कड फोडून, लाल जिभेसारखं लवलवत. सून भात्याचा दांडा सोडून मागे सरली. नवरा हातात रिकामी मूस धरून तसाच उभा. आणि सासरे भिंतीशी टेकलेले होते ते ताडकन उठून ओरडले, "पाय! आपापले पाय बघा!"

पाय वाचले. पंखा गेला.

पितळ जमिनीत शिरून काळं पडलं. अंगणाच्या कुडाबाहेर वस्तीतली माणसं जमली होती. मग टाकीवाला आत आला. विहिरीवरचं इंजिन चालवणं आणि पाण्याची टाकी भरणं हे त्याचं काम. माणूस असा, की श्वास घेतानाही घाईत असायचा.

"झालं? झालं का नाही झालं? नाही झालं ना? मला वाटलंच. म्हणजे मला वाटलं नव्हतं, पण वाटलंच."

"एकदा काय ते ठरव," सासरे म्हणाले.

विहीर खोल होती आणि उन्हाळा भरात होता. पाणी पार तळाला गेलेलं. इंजिनवर पंप चालायचा तोवर कुणाला त्याची फिकीर नव्हती. पण तळाचा एक खडा पंपाच्या पोटात शिरला आणि आतल्या पितळी पंख्याची पाती मोडली. तेव्हापासून सगळी वस्ती दोर टाकून पाणी शेंदत होती. तळहाताची सालं निघत होती आणि हंड्यात येत होतं ते पाणी कमी, गाळ जास्त. शहरातून नवा पंखा मागवायचा तर पंपच जुना, त्याचा पंखा आता कुणी करत नाही, अख्खा पंप बदलावा लागेल असा निरोप आला होता. नवा पंप कधी येणार ते कुणालाच सांगता येईना. म्हणून हे ओतकाम या घरात आलं. वस्तीत भट्टी असलेलं हे एकच घर. कड्या, घुंगरं, बैलगाडीच्या चाकाचे मधले तुंबे असलं काहीबाही इथे ओतलं जायचं. पंपाचा पंखा कधी ओतला नव्हता.

सासऱ्यांनी फुटलेल्या साच्यातली वाळू मुठीत घेतली, दाबली आणि मूठ उघडली. वाळू बोटांच्या फटींतून पिठासारखी गळून गेली.

"मेली ही," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं तिलाच भाजतोय आपण. चिकटपणा सगळा जळून गेला. मला कळायला हवं होतं."

नवऱ्याने मूस खाली ठेवली. "तुम्हाला कळलं काय आणि मला कळलं काय, बाबा. मी शहरात जातो. तिथल्या कारखान्यात माझा मित्र आहे, किती दिवस बोलावतोय. तिथे वाळू यंत्र कालवतं. आपण नुसतं उभं राहायचं."

"नुसतं उभं राहायला शहरात कशाला जायला हवं?" सासरे म्हणाले. "इथेही तू तेच करतोस."

कुडाबाहेर कुणीतरी हसलं. नवऱ्याचा चेहरा तांबडा झाला. सुनेला कळलं की हा आता खरंच जाईल. गेले कित्येक महिने तो हे बोलत होता. आज पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता. तो गेला की तीही जाणार, एका खोलीत, धुरकट खिडकीशी. भट्टीत गवत उगवेल आणि मामंजी इथे एकटेच भिंतीला टेकून बसतील.

"मी नवी वाळू करते," ती म्हणाली.

तिघेही तिच्याकडे बघायला लागले. टाकीवाल्याने तर तोंड उघडं टाकलं.

"वाळू काय करायची असते? वाळू असते," तो म्हणाला.

"पीठ असतं, म्हणून भाजलेली पोळी असते का?" तिने विचारलं. "मामंजी, तुम्ही सांगा कशी करायची. हात माझे. अहो, तुम्ही शेवटचं एकदा ओता. नाही जमलं तर मी स्वतः तुमची पिशवी भरून देईन."

नवऱ्याने जमिनीतल्या काळ्या पितळाकडे बघितलं. मग म्हणाला, "कोळसा एकदाच पुरेल एवढा मिळेल. आणि पितळ कमी पडणार. जमिनीने खाल्लं त्यातलं निम्मं निघणारच नाही."

"मग मोडका पंखाही मुशीत टाकू."

"अगं, तो तर नमुना आहे! तोच टाकला तर परत साचा कशावर पाडणार?"

"परत पाडायचाच नाही," ती म्हणाली. बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. लग्न होऊन आल्यापासून एवढा उत्साह तिला कधी वाटला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच ती आणि सासरे नदीच्या पात्रात उतरले. पात्र कोरडं ठणठणीत. ती पहिल्याच वळणावर घमेलं टेकवायला लागली, तर सासऱ्यांनी काठीने तिला पुढे हाकललं.

"ही भरड आहे. हिच्यात ओतलास तर पंख्याला देवीचे व्रण आल्यासारखे दिसतील. पुढे चल. पाणी जिथे दमून थांबतं तिथली बारीक वाळू हवी."

"पाणी आहे कुठे दमायला?"

"पूर येतो तेव्हाचं सांगतोय मी. तू लग्न करून आलीस तेव्हा बोलत नव्हतीस फारशी."

"तेव्हा तुम्ही विचारत नव्हता."

म्हातारा खो खो हसला. वरच्या वळणावर एका खडकाच्या आडोशाला त्यांना हवी तशी वाळू सापडली, मऊ, हातातून सरसरत जाणारी. सासऱ्यांनी चिमूटभर वाळू दाताखाली धरून बघितली, कुरकुर ऐकली आणि मान डोलावली. तिने घमेली भरभरून वाहिली. डोक्यावरची चुंबळ घामाने ओली झाली, मान आखडली, तळपायाला चटके बसायला लागले. नदीपासून घरापर्यंतच्या चढावर ती दर खेपेला मनात म्हणायची, ही शेवटची, आणि पुन्हा खाली उतरायची.

माती आटलेल्या तळ्याच्या तळातून आणली. तिथे चिखल वाळून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या. त्या खापऱ्या घरी आणून तिने मुसळाने कुटल्या. धूळ एवढी उडाली, की तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या आणि नवरा बाहेरून आला तो दारातच थबकला.

"कोण तुम्ही? आमची म्हातारी आजी तर नाही?"

"चाळण धरा गुमान."

त्याने चाळण धरली. आधी हाताच्या टोकाने, मग नीट. दोघं समोरासमोर बसून चाळण पुढे-मागे करत राहिले. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर मातीचा ठिपका होता, तो तिने सांगितला नाही. बारीक माती खाली साचत गेली, चाळणीत खडे उरले. वाळूही तशीच चाळून झाली. मग अंगणात एका बाजूला वाळूचा ढीग, दुसऱ्या बाजूला मातीचा. सासऱ्यांनी काठीने ढिगांना चरे पाडून कशात किती घालायचं ते दाखवलं आणि फावड्याने तिने ते एकत्र केलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, रंग एकसारखा होईपर्यंत.

आता पाणी हवं होतं.

घरात पिण्यापुरतं होतं, तेही झाकून ठेवलेलं. तिने निम्मं त्यातलं काढलं. वाळूवर हाताने शिंपडलं तर वाळूने ते असं पिऊन टाकलं, की कुठे पडलं ते दिसलंसुद्धा नाही.

"आणखी लागेल," सासरे म्हणाले. ते मान खाली घालून म्हणाले; आणखी कुठून आणायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

ती कळशी घेऊन शेजारी शिंपीणकाकूंच्या दारात गेली. काकू मशीनवर बसल्या होत्या, त्यांनी पाय थांबवला नाही.

"काकू, कळशीभर पाणी मिळेल का? पंप झाला की..."

"प्यायला?"

तिने थाप मारायला हवी होती. मारली नाही. "वाळूला," ती म्हणाली.

मशीन थांबलं. "वाळूला? अगं बाई! माझ्या नवऱ्याने आठवडाभर तोंड धुतलं नाही आणि तू वाळूला पाणी पाजतेस? उद्या म्हणशील दगडाला दूध हवंय."

आतून कुणीतरी फिसकन हसलं. सुनेचे कान तापले. ती वळली, पण दोन पावलांवर थांबली. कळशी कमरेवरून खाली घेऊन दाराच्या उंबऱ्यावरच बसली आणि बोलायला लागली. पहिला पंखा का गेला, वाळू कशी मेली होती, नवी वाळू कुठून आणली, ती किती मऊ आहे, तिला ओल मिळाली नाही तर साचा कसा ढासळतो. बोलता बोलता तिला चेव चढला. हात हवेत फिरायला लागले. "वासरासारखी पिते हो काकू ती! तोंड लावलं की संपलं. किती घाला, कमीच. पण एकदा का तिचं पोट भरलं, की मुठीत अशी बसते, अशी, की बोटांच्या रेघासुद्धा उमटतात!"

शिंपीणकाकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, आत गेल्या आणि तिच्या कळशीत पाणी ओतलं. काठोकाठ नाही, पण बऱ्यापैकी.

"जा. आणि तुझ्या वासराला सांग, हे शिंपिणीचं पाणी आहे. नीट वाग म्हणावं."

ते पाणी घातल्यावर वाळूने रूप पालटलं. सून पदर खोचून ढिगावर चढली आणि पायांनी तुडवायला लागली. टाचेने दाबायची, चवड्याने फिरवायची, पुन्हा दाबायची. सुरुवातीला पायाखाली नुसतं सरकायचं. मग हळूहळू जड झालं, थंडगार झालं, बोटांमध्ये घट्ट भरायला लागलं. पोटऱ्या दुखायला लागल्या तरी तिला थांबावंसं वाटेना. सासरे शेजारी बसून ताल धरल्यासारखी काठी आपटत होते. शेवटी त्यांनी मूठभर वाळू घेऊन दाबली, उघडली. हातावर वाळूचा लाडू बसला होता, चार बोटांचे ठसे स्पष्ट. त्यांनी तो दोन्ही हातांनी मधोमध मोडला. कटकन दोन तुकडे झाले, कडा शाबूत.

"आई गं!" नवरा म्हणाला. त्याने तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. "बिस्किटासारखी मोडली की!"

"खाऊ नकोस," सासरे म्हणाले. "आता रात्रभर मुरू दे. ओल सगळीकडे सारखी पसरली पाहिजे."

तिने ढिगावर ओली पोती टाकली आणि काठ दगडांनी दाबले. सकाळी तिघंही भाड्याची गाडी घेऊन कोळसा आणायला गेले. परत येताना नवरा शीळ घालत होता. सासरे गाडीत कोळशावर बसून त्याला सूर चुकला म्हणून सांगत होते.

*

अंगणात शिरताच तिच्या लक्षात आलं, की पोत्यांच्या कडेने पाणी पाझरतंय.

तिने पोतं उचललं. खाली वाळू नव्हती, राबडी होती. हात घातला तो मनगटापर्यंत गेला आणि पचकन आवाज करून बाहेर आला.

"हे काय?" नवरा म्हणाला. "कुणी केलं हे?"

कुडापलीकडून शिंपीणकाकूंचं डोकं वर आलं. "काय गं, पोट भरलं का वासराचं?"

"काकू, तुम्ही पाणी घातलंत?"

"एक तांब्याच घातला. तू म्हणालीस ना, किती घाला कमीच. रात्री झोप येईना मला, तुझा तो चेहरा आठवून. पहाटे आले आणि घातला. एकच."

तेवढ्यात गवळीण आली, तीही तांब्या घेऊनच. ढीग बघून जागीच थांबली. "शिंपीण म्हणाली वाळूला पाणी हवंय, म्हणून मी मघाशी एक कळशी टाकून गेले. आता उरलेलं आणलं." तिच्यामागून आलेली परटीण म्हणाली, "मी हंडाभर ओतलं. महिना झाला माझे हात कोरडे. म्हटलं कपडे नाही तर वाळू तरी भिजवू." मग कळलं, की टाकीवाल्यानेही घाईघाईत आपलं आंघोळीचं पाणी आणून टाकलं होतं. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकट्यानेच दिलं. ज्या वस्तीत लोक ओठ ओले करून दिवस काढत होते, त्या वस्तीने या ढिगावर जवळजवळ एक दिवसाचं पाणी ओतलं होतं.

नवरा खाली बसला. त्याने डोकं हातात धरलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. सुनेला वाटलं रडतोय. जवळ जाऊन बघते तर तो हसत होता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"वासरू बुडालं," तो म्हणाला. "वासरू बुडालं तुझं!"

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मीच तसं सांगितलं काकूंना. बडबड केली नसती तर..."

"आता पश्चात्ताप करत बसू नका," सासरे म्हणाले, "ऊन आहे तोवर पसरा. मुळात पाणी कमी असतं तर दुसरं आणावं लागलं असतं. जास्त आहे ते सूर्य फुकट घेऊन जाईल."

मग जे झालं ते त्या अंगणाने कधी पाहिलं नव्हतं. चादरी आल्या, ताडपत्र्या आल्या, शिंपीणकाकूंनी खोळींचं जुनं कापड अंथरलं. फावड्याने, हातांनी, ताटांनी वाळू काढून बायाबापड्यांनी ती अंगणभर, गोठ्याच्या छपरावर, खाटांवर पसरली. ऊन रणरणत होतं, तरी कुणी कुरकुरलं नाही. उलट त्या दिवशी पहिल्यांदाच लोकांना ऊन कमी वाटत होतं. टाकीवाला दर थोड्या वेळाने येऊन "वाळली? वाळली का?" विचारायचा, आणि परटीण त्याला म्हणायची, "तू तिच्यावर फुंकर मार, तुझा वारा पुष्कळ आहे."

सून सगळीकडे पळत होती. वरची वाळू सुकून पांढुरकी व्हायची आणि खाली गुठळ्या ओल्याच राहायच्या. ती गुठळ्या चुरायची, उलथायची, पुन्हा चुरायची. नखांत वाळू भरली, बोटांची टोकं हुळहुळली. दुपार कलायला लागली तशी सगळी वाळू पुन्हा गोळा करून चाळली गेली आणि सासऱ्यांनी मूठ दाबली. लाडू झाला. मोडला तर कटकन तुटला.

"झाली!" ते ओरडले. म्हाताऱ्याचे डोळे चमकत होते. "चला, साचा!"

सुनेने तोच तुकडा उचलला. ठशांच्या खाचांत किंचित चमक होती, तळहाताला गारवा जरा जास्त वाटत होता. तिच्या मनात आलं, अजून थोडं ऊन हवं. पण कुडाबाहेर सगळी वस्ती उभी, मामंजी लहान मुलासारखे आनंदलेले. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

साचा मात्र देखणा उतरला. मेणाने जोडलेला मोडका पंखा खालच्या पेटीत ठेवून त्याच्याभोवती वाळू ठोकली, वरची पेटी बसवली, पुन्हा ठोकली. पेट्या उघडून पंखा उचलला तेव्हा सगळे माना लांब करून वाकले. वाळूत पंख्याचं पातं न् पातं उमटलं होतं, मेण लावलेल्या सांध्याची बारीक रेघसुद्धा. पेट्या पुन्हा मिटवल्या, तारेने वाफ जायची भोकं पाडली, आणि धूळ पडू नये म्हणून तिने ओतायच्या तोंडावर पत्र्याचा तुकडा झाकला.

मग नवऱ्याने मेण पुसून तो मोडका पंखा हातोडीने फोडला आणि मुशीत टाकला. आता मागे फिरायला जागा नव्हती.

*

भट्टी पेटली. सून भाता ओढत होती, नवरा कोळसा सरकवत होता. भट्टीच्या तोंडावरचं जाड लोखंडी झाकण आधी काळं, मग जांभळं, मग लाल झालं. पितळाच्या वरची मळी हलायला लागली. कुडाबाहेर माणसं एकमेकांना ढकलत होती.

"तयार आहे," नवरा म्हणाला. "बाबा, मूस काढू?"

"काढ!"

सून पत्रा उचलायला साच्यापाशी वाकली. पत्र्याच्या खालच्या अंगाला थेंब लोंबत होते, पावसात भिजलेल्या काचेवर असतात तसे.

"थांबा!"

"काय झालं?"

"साचा ओला आहे. बघा." तिने पत्रा उलटा करून धरला. "एवढी वाफ आत आहे. पितळ पडलं तर उडेल, नाहीतर पंख्याची चाळण होईल."

"उन्हाने घाम येतो लोखंडाला," सासरे म्हणाले. त्यांची नजर भट्टीवरून हलत नव्हती. "मी मूठ दाबून बघितली आहे, सूनबाई. आयुष्यभर बघत आलोय. ओत रे!"

"मामंजी, मघाशी मला जाणवलं होतं आणि मी बोलले नाही. आता बोलते. ओला आहे."

कुडाबाहेरची ढकलाढकली थांबली. सासऱ्याला सगळ्यांसमोर असं कुणी बोललेलं वस्तीने ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली.

"मग काय करायचं? उद्यापर्यंत थांबायचं? कोळसा आहे का उद्यासाठी?"

"उद्या नाही. हे झाकण." तिने भट्टीच्या लाल झाकणाकडे बोट केलं. "पेट्या उघडायच्या आणि हे वर धरायचं. पंखा जिथे उमटलाय तेवढा भाग तरी सुकेल. राखही पडायची नाही आत."

"झाकण काढलं तर पितळ थंड होईल," सासरे म्हणाले.

"मी भाता सोडणार नाही."

दोघंही नवऱ्याकडे बघायला लागले. त्याच्या हातात चिमटा होता आणि घाम भुवयांवरून डोळ्यांत जात होता. त्याने बापाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, पत्र्यावरच्या थेंबांकडे बघितलं. मग मुशीकडे वळलेला चिमटा त्याने झाकणाकडे वळवला.

"बाबा," तो म्हणाला, "एकट्याला उचलणार नाही हे."

म्हातारा धोतराचा सोगा खोचत पुढे आला. "बघतोस काय? दुसरा चिमटा दे. आणि पेटी उघडताना हलवलीस तर याद राख!"

बापलेकांनी लाल झाकण उघड्या साच्यावर तोलून धरलं, आधी खालच्या पेटीवर, मग वरच्या. वाळूतून फस्स करून वाफ निघाली, एवढी, की सासऱ्यांच्या मिशा ओल्या झाल्या. "अरे बापरे," ते पुटपुटले. गडद वाळू कडेपासून फिकी होत मध्यापर्यंत गेली. इकडे सुनेचे दंड भरून आले होते. भट्टीचं तोंड उघडं, ज्वाळा उभ्या, आणि ती भाता ओढतच होती. शेवटचा कोळसा शिंपीणकाकूंनी ओंजळीने टाकला; त्यांचे हात काळे झाले, ते त्यांनी लुगड्याला पुसले आणि मग लक्षात आल्यावर स्वतःवरच चिडल्या.

"मिटवा पेट्या! आता ओता!" सून ओरडली. आपण हुकूम सोडतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

नवऱ्याने मूस उचलली. पितळ पिवळीधमक धार धरून साच्याच्या तोंडात उतरायला लागलं. कुणी हललं नाही. साच्याने एक ढेकर दिल्यासारखा आवाज काढला, वाफेच्या भोकांतून निळ्या ज्योती उठल्या, आणि मग साचा भरल्याची खूण म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या भोकातून पितळ वर आलं. शांतपणे, काठापर्यंत आलं आणि थांबलं. ना उकळी, ना बुडबुडा.

"आलं!" सासरे कुजबुजले. "अरे, आलं रे वर!"

*

गार होईपर्यंत कुणी घरी गेलं नाही. टाकीवाला तर पेटीभोवती एवढ्या चकरा मारत होता, की परटिणीने त्याला बखोट धरून खाली बसवला. शेवटी सासऱ्यांनी पेटीला हात लावून बघितला आणि मान हलवली. नवऱ्याने पेटी उलटी केली. वाळू ढेपाळली, तिच्यातून धूर निघाला, आणि आत काहीतरी गोल, खरबरीत, काळपट दिसलं. सुनेने चिंध्या गुंडाळलेल्या हाताने वाळू बाजूला केली. एक पातं. दुसरं पातं. ती गुडघ्यावर बसून बोटाने एकेका पात्याच्या कडेवरून जात होती. कुठे तुटलेलं नाही, कुठे भोक नाही, कुठे वाळू धसलेली नाही. शेवटच्या पात्यापर्यंत पोचली. तिने पंखा फडक्यात धरून दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

जो गलका झाला त्याने गोठ्यातली गाय दावं ओढायला लागली.

पुढचं सगळं धावपळीत झालं. नवऱ्याने कानशीने कडा घासल्या, मधलं भोक साफ केलं. टाकीवाल्याने पंखा अजून कोमट असतानाच पोत्यात गुंडाळून पळवला. त्याच्यामागे वस्ती पळाली. सासरे काठी विसरून पळाले. सून मागे राहणार होती, वाळू झाकायची म्हणून. पण तिचे पाय ऐकेनात, तीही पळाली.

पंपाचं पोट उघडलं, पंखा बसला, बोल्ट आवळले गेले. इंजिनने दोनदा नकार दिला आणि तिसऱ्यांदा धडधडून सुरू झालं. पाइप आधी खोकला, मग त्याने हवा सोडली, मग लालसर चिखल. आणि मग एकदम, हाताच्या दंडाएवढी जाड धार टाकीच्या तळावर आदळली. बायका हंडे घेऊन पुढे घुसल्या, पोरं धारेखाली लोळली, शिंपीणकाकूंच्या नवऱ्याने कित्येक दिवसांनी तोंड धुतलं आणि पुन्हा धुतलं.

पलीकडच्या वस्तीचा इंजिनवाला गर्दीत उभा होता. त्यांचाही पंप बंद होता. तो नवऱ्याला गाठून म्हणाला, "आमचाही पंखा ओतून द्या. कधी देता?"

नवऱ्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं. तो शहराकडचं काही बोलेल म्हणून सासऱ्यांनी कान टवकारले.

"मला काय विचारता?" नवरा म्हणाला. "मी नुसतं ओततो. वाळू तिची. तिला विचारा."

इंजिनवाल्याने वळून बघितलं. सासऱ्यांनी बघितलं, टाकीवाल्याने बघितलं, मग एकेक करून सगळ्यांनीच. सून पाइपाशी वाकली होती, ओंजळ तोंडाला लावलेली, कोपरांवरून पाणी ओघळतंय. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना पाहिलं, एक हात वर करून थांबा म्हणून खूण केली, आणि पुन्हा ओंजळ भरली.

सगळे थांबले.